सोनाजीची जागा

रिक्षा चौकात थांबली तेव्हा निलमला विजेच्या खांबावर आबा दिसले. आधी ओळख पटली नाही. आबांचं एवढं मोठं तोंड तिनं कधी पाहिलंच नव्हतं. जिवंतपणी ते तोंड नेहमी थोडं खाली असायचं, समोरच्याच्या चपलांकडं बघत असल्यासारखं. इथं ते वर होतं, साऱ्या हिंगोलीकडं बघत होतं. बाजूला गॉगल घातलेल्या कुणा युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, त्याच्या बाजूला कोचिंग क्लासचा, आणि मधे आबा. डोक्याला रुमाल, पांढरी खुंटं, एक डोळा किंचित बारीक. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘राष्ट्रासाठी ऐक्य प्रार्थना, सर्व ख्रिस्ती मंडळ्या एकत्र’. फोटोच्या खाली, ‘शांतीसाठी ज्यांनी आपली जागाही सोडली, ते कै. सोनाजी’. आणि अगदी तळाला तिचं स्वतःचं नाव. साक्ष देणार, सौ. निलम, शिक्षिका. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. रोज शाळेत सोडणारा माणूस. म्हणाला, “मॅडम, तुमचं नाव हाय की वर. कोण हे बाबा?” ती म्हणाली, “वडील.” “बरे दिसून राहिले,” तो म्हणाला आणि रिक्षा पुढं काढली. तिला एवढंच वाटलं, की खांबाला बांधताना कुणीतरी आबांच्या कानशिलातून तार ओवली आहे.

शाळेत पहिल्या तासाला तिनं मुलांना वाचायला लावलं आणि खिडकीशी उभी राहिली. जागा सोडली. कुणी लिहिलं असेल हे वाक्य? लिहिणाऱ्यानं जागा हा शब्द लिहिताना हात जरा थांबवला असेल का? आबांकडं सोडण्यासारखी जागा कधी नव्हतीच. त्यांच्या गावी, लिंबखेडीत, बालाजीच्या बापाकडं ते सालगडी होते, त्यांच्याच शेतातल्या आखाड्यावर निलमचं अर्धं बालपण गेलं. हळद शिजवायचे दिवस आले की आबांचे तळवे, नखं, पायांच्या भेगा, सगळं पिवळं व्हायचं. तो वास नंतर कितीतरी दिवस त्यांच्या अंगाला असायचा. ते भाकर मोडून द्यायचे तर भाकरीलाही यायचा. पोरीनं शिकावं म्हणून त्यांनी तिला हिंगोलीला मिशनच्या वसतिगृहात टाकलं, आणि पोरगी ज्यांच्या घरात जेवते त्यांचा देव तो आपला देव, असं साधं गणित करून दगडी चर्चमधे बाप्तिस्मा घेतला. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. दर रविवारी एसटीनं यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, एसटीनं परत जायचे. गाणी पुस्तकातून म्हणायची असत आणि आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते नुसते ओठ हलवायचे. वसतिगृहाच्या पोरींमधे बसलेल्या निलमला ते ओठ दिसायचे आणि तिला लाज वाटायची. लाज कशाची, ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

मग दिपक पास्टर गावात आला. तरणा पोरगा, मोटरसायकलवर, गळ्यात गिटार. त्याची मंडळी हिंगोलीत रेल्वे फाटकाच्या बाजूला पत्र्याच्या शेडमधे भरायची. वस्तीत येऊन तो जमिनीवर बसला, निलमच्या मायच्या, आशाबाईच्या हातची आंबाडीची भाजी खाल्ली आणि म्हणाला, “सोनाजीभाऊ, आज प्रार्थना तुमी करा.” आबांना प्रार्थना करता येत नव्हती. त्यांनी बैलांसाठी मागितलं, पावसासाठी मागितलं, बालाजीच्या बापाच्या गुडघ्यासाठी मागितलं, आणि मग रडले. त्यानंतर ते दगडी चर्चमधे गेले नाहीत. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात दिपकनं त्यांना पुन्हा बुडवलं, पहिला बाप्तिस्मा चालत नाही म्हणून. निलम तेव्हा नोकरीला लागलेली, दगडी चर्चच्या स्त्रीमंडळात बसू लागलेली. ती चिडली होती. म्हणाली, “आबा, तिथं काय कमी होतं?” ते चपलांकडं बघत म्हणाले, “कमी न्हाई बाई. पर हितं मला बोलाया देतेत.” दगडी चर्चनं त्यांचं नाव सभासदांतून काढलं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आबांनाही नाही. नाव कुठं असतं आणि कुठं नसतं, याचा त्यांना आयुष्यात कधी फरक पडला नव्हता.

फरक पडला तो दिवाळीनंतर, ते गेले तेव्हा. सकाळी उठलेच नाहीत. निलम पोचली तेव्हा अंगणात सारं गाव होतं, आणि सगळ्यांत पुढं बालाजी, मालकाचा मुलगा. आता तो सरपंच होता. डोळे लाल. तो खरंच रडला होता, हे तिला तेव्हाही दिसलं आणि अजूनही ते विसरता येत नाही. वस्तीची जुनी पुरायची जागा ओढ्याच्या कडेला होती, तिच्यावरून आता नव्या स्मशानशेडचा रस्ता गेलेला. निलम म्हणाली, “शेडच्या मागं कोपऱ्यात पुरू, भाऊ. आबा म्हणायचे, मला जाळू नका. दुसरं काही मागितलं नाही त्यांनी.” बालाजी हळू आवाजात म्हणाला, “ताई, सोनाजीकाका आमचा हाय. आमच्या रीतीनं नेऊ. लाकूड माझ्या शेतातलं. पर पास्टर न्हाई, क्रूस न्हाई, पुरणं न्हाई. पोरं तापलेली हायेत, बाहेरून कुणी कुणी येऊन काय काय सांगून राहिले त्यायला. मला गावात वाद नको.” मागं ती पोरं उभी होती. तिनं यातल्या काहींना लहानपणी पाढे शिकवले होते. ती तिच्याकडं बघत नव्हती. आवाज कुणीच चढवला नाही. एका बाईनं तिला पाणी आणून दिलं. नाही म्हणणारी माणसं इतकी मायेनं नाही म्हणतात, तेव्हा त्यांच्याशी भांडायला शब्द कुठून आणायचे?

मग हिंगोलीच्या वाटेनं टेम्पो. सोयाबीनचा भुसा तळाशी तसाच, त्यावर चादर, चादरीवर आबा, उशाशी आशाबाई. फाट्यावर दिपक पास्टर चढला. पोलिसांनी त्याला गावात येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तो आला नव्हता. टेम्पोत तो डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करत राहिला, आणि खड्ड्यांत टेम्पो उडाला की त्याचा आवाजही उडायचा. दगडी चर्चच्या मागं दफनभूमी आहे, आत लिंबाची मोठी सावली आहे आणि पुष्कळ मोकळी जमीन आहे. फाटकाला कुलूप होतं. कुलपाच्या आत मार्तंड सर उभे होते. निलमला त्यांनी वसतिगृहात व्याकरण शिकवलं होतं, आता ते चर्च कमिटीचे अध्यक्ष होते. म्हणाले, “निलम, तुला नियम माहीत आहे. ते आपले सभासद नव्हते.” ती म्हणाली, “सर, मी आहे ना.” ते म्हणाले, “तू आहेस. ते नव्हते.” व्याकरणात त्यांची कधी चूक व्हायची नाही. तिथून कॅथलिक चर्चला गेले. फादरनी दोन्ही हातांनी तिचे हात धरले, म्हणाले, वरून परवानगी यावी लागते, उद्यापर्यंत थांबता येईल का. ऊन कडक होतं. आशाबाईनं पदरानं आबांच्या तोंडावरची माशी हाकलली आणि म्हणाली, “चला घरी.” तेवढंच बोलली. टेम्पो उलटा फिरला. दुपार कलताना गावानं आबांना नेलं. बालाजीनं खांदा दिला, पास्टर फाट्यावरच उतरला होता. धूर ओढ्यावरून सरळ वर गेला. निलम तो धूर बघत नव्हती, ती पायांकडं बघत होती. चटका लागल्यासारखे आबांचे पाय जरा वर झाले, असं तिला वाटलं. ते तसं होतं म्हणतात. पण ते पाय तिच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत, आणि मुलं वाचता वाचता थांबून आपल्याकडं बघत आहेत, हे तिच्या खूप वेळानं लक्षात आलं.

मधल्या सुट्टीत ती मार्तंड सरांकडं गेली. त्यांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. सर ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. स्वेटर, मफलर, चेहरा या काही महिन्यांत बराच उतरलेला. “ये निलम. चहा घे,” ते म्हणाले. ती उभीच राहिली.

“सर, आबांचा फोटो कुणाला विचारून लावला?”

“आशाबाईंना विचारलं. दिपक पास्टर गेले होते गावी. त्यांना फार समाधान वाटलं म्हणे.”

“आणि त्याच्याखाली लिहिलंय ते?”

“त्यात खोटं काय आहे?”

“जागा सोडली असं लिहिलंय. त्यांनी सोडली नाही, सर. त्यांना कुणी दिली नाही.”

सरांनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग सावकाश म्हणाले, “दफनभूमीला लागून प्लॉट पडलेत, पाहिलेस ना? रोज कुणीतरी येऊन विचारतं, ही जमीन कुणाच्या नावावर आहे. त्या दिवशी बाहेरगावचं प्रेत, तेही गावानं अडवलेलं, मी आत घेतलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दारात मोर्चा आला असता. आपण मूठभर माणसं. मी जिवंत माणसांचा विचार केला.”

“मग तेच लिहा ना फ्लेक्सवर.”

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “देशात काय चाललंय ते तूही बघतेस. आपण तीन मंडळ्या, एकमेकांच्या लग्नालाही जात नव्हतो. त्या दिवसानंतर फादर माझ्याकडं आले, पास्टर आला. इथं, या ओसरीवर आम्ही तिघं बसलो. पहिल्यांदा. तिघांनाही लाज वाटत होती, निलम. त्या लाजेतून हे उभं राहिलंय. अगदीच वाईट म्हणू नकोस याला.”  लाज खरी होती, तेही निलमला दिसत होतं. पण त्या लाजेला ती जशी होती तशी राहू द्यायचं धैर्य तिघांतही नव्हतं. त्यांनी तिला आंघोळ घातली, कपडे चढवले आणि चौकात टांगली. सर म्हणाले, “तू बोलशील ना? तुझ्याशिवाय कार्यक्रमाला अर्थ नाही.” आपण मान हलवली, हे तिला परतीच्या वाटेवर आठवलं.

रविवारी दुपारी दगडी चर्चच्या मैदानात मांडव घातला होता. खुर्च्या मुद्दाम एकत्र मांडल्या होत्या, तरी माणसं आली तशी आपोआप वेगळी झाली. डावीकडं दगडी चर्चची, इस्त्रीची, गाण्यांची पुस्तकं मांडीवर. मधे कॅथलिक, शांत. उजवीकडं पत्र्याच्या शेडची मंडळी, बायकांच्या डोक्यावर पदर, लेकरं मांडीवर आणि खाली. आधी पेटी की गिटार यावरून मागं कुजबूज चालली होती. मग दोन्ही वाजवायचं ठरलं आणि दोन्ही एकमेकांत अडकत राहिली. स्टेजवर मधल्या खुर्चीत कुणी बसायचं हे ठरत नव्हतं, म्हणून तिथं बालाजीला बसवलं. तो शांतता समितीतही होता, पाहुणा म्हणून बोलावला होता. आशाबाईला त्यानंच आपल्या जीपमधून आणलं होतं.

आशाबाई पहिल्या रांगेत बसली होती. नवं पातळ, कपाळ मोकळं, हातात रुमाल घट्ट. निलम तिच्याजवळ वाकली तेव्हा तिच्या केसांना हळदीच्या वाफेचा वास आला. गावात शिजवणी सुरू झाली होती.

“काल बालाजीच्या आईकडं होते हळदीवर,” आशाबाई म्हणाली. “हे बघ निलम, मला तिथं राहायचं हाय. तू गावाचं काही बोलू नको.”

“गावाचं न्हाई बोलत, माय.”

“मंग कुणाचं बोलतीस?”

तेवढ्यात माइकवरून नाव पुकारलं गेलं, तिचं नाही, बालाजीचं. त्याच्या खांद्यावर शाल घातली गेली. ज्यांच्या गावानं सामंजस्याचा आदर्श घालून दिला ते सरपंच, असं मार्तंड सर म्हणाले. बालाजी बोलायला उठला. “सोनाजीकाका म्हंजी माझ्या बापाच्या जागी. त्याच्या खांद्यावर बसून मी पोळ्याला गेलेलो हाय. त्याची माती आमी कशी केली ते साऱ्यांनी बघितलं. लाकूड कमी पडू देलं न्हाई.”  त्यानं शालीच्या टोकानं डोळे पुसले. मांडव हळहळला. लाकूड कमी पडू देलं न्हाई. जाळू नका म्हणणाऱ्या माणसाच्या मंडळीपुढं हे वाक्य उभं होतं आणि कुणालाही ते टोचत नव्हतं. मग आशाबाईला स्टेजवर नेऊन तिलाही शाल घातली. तिनं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. मग फादरनी देशासाठी प्रार्थना सुरू केली. राज्यकर्त्यांसाठी, सीमेवरच्या जवानांसाठी, जळणाऱ्या गावांसाठी, सगळ्या जातीधर्मांत प्रेम राहावं म्हणून. सर्वांनी हात वर केले. मैदानभर तळवे. निलमनं पाहिलं, ती माणसं मनापासून मागत होती. त्यांचे डोळे मिटलेले होते, गालांवर पाणी होतं. दूरच्या, न पाहिलेल्या, नकाशावरच्या माणसांसाठी ती रडत होती, आणि मागं, चुना मारलेल्या भिंतीपलीकडं, लिंबाखाली ती मोकळी जमीन होती.

तिनं माइक हातात घेतला तेव्हा तिला आपल्या श्वासाचा आवाज आधी ऐकू आला. “माझे वडील सोनाजी,” ती म्हणाली आणि थांबली. मांडव म्हणाला, “आमेन.” तिला कळलं, की ती जिथं जिथं थांबेल तिथं तिथं ते तसं म्हणणार आहेत. “ते फार बोलायचे नाहीत.” आमेन. “त्यांची एकच इच्छा होती.” आमेन. “मला जाळू नका, एवढीच.” या वेळी आमेन आलं ते विस्कटून, इथून तिथून. मार्तंड सरांनी चष्मा काढला. ती म्हणाली, “मी कुणावर आरोप करायला उभी नाही. मला फक्त एक विचारायचं आहे. माझी माय पुढं बसलीय. थकलीय आता. तिलाही जाळलेलं नको आहे. ती गेल्यावर मी तिला कुठं ठेवू? या भिंतीपलीकडं जागा आहे. कॅथलिक चर्चमागंही आहे. आत्ता तुम्ही देशासाठी हात वर केलेत. तेच हात एकदा माझ्या मायसाठी वर करा. तिला जागा देऊ, एवढं म्हणा. मी खाली बसते.”

ती वाट बघत राहिली. पेटीवाल्यानं भात्यावरचा हात काढला. डावीकडं माणसं मांडीवरच्या पुस्तकांकडं बघू लागली. मधल्या रांगांत कुणीतरी खोकलं. फादर स्टेजवर स्वतःच्या बुटांकडं बघत होते. मग उजवीकडं हात वर गेले, आधी एक, मग पुष्कळ. चिरलेले, काळे, बांगड्यांचे हात. ते सगळे पत्र्याच्या शेडचे होते. त्यांच्याकडं द्यायला जागाच नव्हती. दिपक पास्टरनंही हात वर केला होता, आणि तिच्याकडं बघवत नसल्यासारखे डोळे मिटले होते. मार्तंड सर पुढं आले, त्यांनी अगदी हळुवारपणे तिच्या हातातून माइक घेतला. “आपल्या बहिणीच्या भावना आपण समजू शकतो,” ते म्हणाले. “हा विषय योग्य वेळी तिन्ही कमिट्यांपुढं ठेवला जाईल.” आणि आमेन आलं. मघापासूनच्या सगळ्या आमेनांपेक्षा मोठं, साऱ्या मांडवातून, सुटका झाल्यासारखं.

कार्यक्रम संपल्यावर चहा होता. बायका निलमच्या पाठीवरून हात फिरवून पुढं जात होत्या.  आशाबाई मांडवाच्या टोकाला उभी होती, शाल अजून अंगावर. निलम तिच्यापाशी गेली.

“मी जित्ती हाय अजून,” आशाबाई म्हणाली.

“माय, मी तुझ्यासाठीच विचारलं.”

“माझ्यासाठी काहून विचारलंस? मी सांगितलं व्हतं?” तिचा आवाज वर गेला नाही, उलट खाली आला. “तुझा बाप गेला तवा मी म्हणलं, घाई झाली, लोकं भेली. आता एक व्हऊन राहिले म्हणून पास्टर सांगून गेला, तवा मला वाटलं, माझी सोय व्हईल. त्या वाटण्यावर मी त्या गावात दिवस काढून राहिले व्हते. तू विचारलं नसतंस तर ते वाटणं तरी राह्यलं असतं.”

 सत्य, असा एक शब्द निलमच्या तोंडाशी आला, वर्गात फळ्यावर लिहायचा शब्द. तो तिनं गिळला. मायच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला धरून बसता आलं असतं. हिशोब संपल्यावर माणूस जसं उठतं, तशी ती फक्त निघायच्या तयारीत होती. “इथंच राहा आजच्या दिवस,” निलम म्हणाली. “नगं,” आशाबाई म्हणाली, “उद्या हळद हाय.”

बालाजी जीप घेऊन आला. दार त्यानं स्वतः उघडलं, आशाबाईची पिशवी घेतली, तिला दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं, शालीचं टोक दारात अडकू नये म्हणून आत सारलं. ती समोरच्या काचेतून बघत राहिली, निलमकडं तिनं पाहिलं नाही. बालाजी गाडीला वळसा घालून निलमपाशी थांबला. चेहऱ्यावर कुठं डाव नव्हता, खोट नव्हती. लहानपणी आखाड्यावर तो असाच समोर येऊन उभा राहायचा, शेंगा देतो म्हणून.

“ताई, काकूची काळजी करू नका,” तो म्हणाला. “आमी हावोत ना. जवा व्हईल तवा समदं बराबर करू. रीतीनं करू.”

निलमनं त्याच्याकडं पाहिलं, मग काचेमागच्या मायकडं. आशाबाईनं ते ऐकलं होतं. तिनं नुसते डोळे मिटले.

“बरं, भाऊ,” निलम म्हणाली.